हिरवी फोड

आमच्या निवृत्त कामगारांच्या आजारपण फंडाची सभा होती. सल्लागार साहेबांनी प्रोजेक्टरनं भिंतीवर रंगीत गोल पाडला. त्यातली हिरवी फोड, म्हणजे फंडातला तेवढा पैसा, नव्या कंपन्यांत घालायचा आणि सात वर्षं त्याला हात लावायचा नाही, म्हणाले. तेवढ्यात आमच्यातला दुखणेकरी गणपत पाणी प्यायला उठला, तर ती हिरवी फोड त्याच्या पांढऱ्या डोक्यावर पसरली. माझी नजर तिथंच अडकली.

"काका, संस्थेनं लांबचं बघायचं असतं," माझा चेहरा बघून साहेब म्हणाले.

खरं आहे. संस्था मरत नाही, माणसं मरतात. माझ्या बायकोच्या ऑपरेशनला याच फंडानं दोन दिवसांत पैसे दिले. ती वाचली नाही, पण पैशावाचून खोळंबलीही नाही. गणपतचं दुखणं सात वर्षं दम धरणार आहे का?

ठरावाच्या बाजूनं बाकी सगळ्यांचे हात वर गेले, गणपतचासुद्धा. मी उभा राहिलो.

"विरोधात एक," म्हटलं, "नावासकट लिहा."