सासूबाईंचा दोर

आमच्या धाकट्या मेव्हणीच्या साखरपुड्याला मी हजर होतो, याचा एकमेव पुरावा म्हणजे एका फोटोच्या कोपऱ्यात दिसणारा धूर. तो धूर माझ्या गाडीचा आहे. गाडीत मी आहे.

माझी सासुरवाडी दातिवऱ्याची, घर अगदी समुद्राला लागून. नवऱ्यामुलाचं घर वाणगावला आणि साखरपुडाही तिकडेच. सासूबाईंनी जायला टेम्पो ठरवला होता. पण मी थोरला जावई, त्यातून बोईसरच्या कारखान्यात मेन्टेनन्सला, आणि त्यातून गाडीवाला! (गाडी माझ्या लग्नाच्या आधीची. तेव्हाही ती कुणीतरी वैतागून विकलेली होती.) "जावई असताना टेम्पो कशाला?" असं म्हणून मी स्वतः फोन करून टेम्पो रद्द केला. टेम्पोवाला लगेच दुसरं भाडं घेऊन विरारला गेला.

सकाळी नवरी नटूनथटून मागे बसली. शेजारी माझी बायको, मांडीवर साडी-नारळाचं ताट. पुढे सासूबाई. मी ऐटीत किल्ली फिरवली.

"टक्."

"निघाली?" सासूबाईंनी विचारलं.

"निघतेय," मी म्हणालो. गाडी म्हणाली, "टक्. टक्."

मी बाही सरसावून बॉनेट उघडलं. "घाबरू नका. बिघाड शोधायची एक पद्धत असते," मी जाहीर केलं. बॅटरीच्या वायरी काढल्या, घासल्या, लावल्या. टक्. प्लग पुसले. टक्. शेवटी कारखान्यातल्या हेल्परला गुपचूप फोन केला. तो म्हणाला, "सर, सेल्फ पे हथौड़ी मारो." हातोडी नव्हती, म्हणून सासूबाईंनी वरवंटा आणून दिला. गाडीखाली आडवा होऊन मी सेल्फला, म्हणजे स्टार्टरला, चार ठोके हाणले. आता टक् सुद्धा बंद झालं!

"पद्धत झाली काय तुमची?" सासूबाईंनी विचारलं. मागे नवरीचं काजळ ओघळायला लागलं होतं. मुलाकडच्यांचे फोनवर फोन येत होते, आणि बायको माझ्याकडे जशी बघत होती, तशी ती फक्त खराब पापलेटाकडे बघते.

"धक्का मारला की सुरू होईल," मी म्हणालो. पुरुष मंडळी होड्या घेऊन समुद्रात. समोर बोंबील वाळत घालणाऱ्या बाया तेवढ्या होत्या. सासूबाईंनी हाक मारली आणि सगळ्या हातातले बोंबील टाकून धावल्या. त्यांनी असा जोर लावला की गाडीची मागची चाकं वाळूत बसली.

"थांबा गं!" सासूबाई गरजल्या. "धक्का मारून होडी कवा वर आली हाय काय? ओढायची असते ती. दोर आना!"

"अहो आई, ही होडी नाही..."

"पान्यात नाय चालत, रस्त्यावर नाय चालत. मंग काय म्हनायचा हिला?"

होडी किनाऱ्यावर ओढायचा जाडजूड दोर आला. गाडीच्या पुढच्या हुकाला बांधला. भरजरी लुगड्याचा काष्टा खोचून सासूबाई सगळ्यांच्या पुढे, पाठीमागे बायांची रांग आणि गाडीत स्टिअरिंगवर मी. "वढाऽऽ!" अशी आरोळी उठली आणि काय सांगू, माझी गाडी वाळूतून लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर आली! त्या क्षणी मला त्या बायांचा जो अभिमान वाटला, तो मला माझ्या पदवीचाही कधी वाटला नाही. त्या भरात मी दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला. गाडी खोकली, थरथरली आणि चालू झाली!

फक्त एक गोष्ट माझ्या पद्धतीत बसली नव्हती. ओढणाऱ्या सगळ्या गाडीच्या पुढे होत्या.

आता दोर धरून बाया पुढे पळतायत आणि मागून मी! "अगं बाजूला व्हा!" मी ओरडतोय. "बंद करू नका!" मागून नवरी ओरडतेय. बाया दोन्हीकडे उड्या टाकून पांगल्या. मी ब्रेक लावला तेव्हा समोर एकट्या सासूबाई उभ्या होत्या आणि दोर अजून त्यांच्या हातात होता. त्यांनी तो सोडून गुंडाळला, शांतपणे डिकी उघडून बंद केली आणि शेजारी येऊन बसल्या.

"चला. उशीर झाला."

कसेबसे मुहूर्ताच्या आत पोहोचलो. सगळे उतरले, मी गाडी बंद करायच्या भीतीने आतच बसलो. (एवढ्या रस्त्यात बॅटरी चार्ज व्हायला हवी होती. पण "हवी होती"वर मी सकाळीच फसलो होतो.) अंगठ्या झाल्या, फोटो झाले. सासूबाईंनी जेवणाचं ताट खिडकीतून आत दिलं. "पोटभर जेवा," म्हणाल्या. रागाचं एक अक्षर नाही! मी श्रीखंडाला बोट लावलं आणि गाडी एक आचका देऊन बंद पडली.

पेट्रोल संपलं होतं.

मांडवातून सगळे बाहेर आले. सासूबाईंनी काही न विचारता डिकी उघडली. दोर आत तयार होता. सकाळी त्यांनी डिकीत काय टाकलं ते मला तेव्हा कळलं.

"पंप कुठं हाय?" त्यांनी व्याह्यांना विचारलं आणि दोराचं टोक नव्या जावयाच्या हातात दिलं. तो बिचारा सूटबूट घालून ओढायला लागला. सासूबाई त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिल्या.

"जावयबापू, तुमच्याकडं गाडी हाय?"

"नाही आई. बाइक आहे. किक मारून चालू होते," तो घाबरत म्हणाला.

सासूबाईंनी समाधानाने एकदा त्याच्याकडे आणि एकदा खिडकीतून श्रीखंडाचं बोट घेऊन बघणाऱ्या माझ्याकडे पाहिलं.

"बरा हाय," त्या म्हणाल्या. "धाकटीच्या वेळी आमी नीट चौकशी केली."