जपानच्या पाहुण्यांचा तांदूळ

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कोणी म्हटलं, एखादी केस सांगा, तर तोंडात पहिलं येतं ते गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीकडचं तांदळाचं प्रकरण. माझं शिक्षण कमी. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून उतरलो. जसं घडलं तसं लिहितो. नाव कोणाचंच देणार नाही.

आपल्या राज्याचं आणि जपानच्या एका प्रांताचं शेतमालाचं सहकार्य ठरलं होतं. ते लोक इथल्या बायकांच्या बचत गटाला धान साफ करायची यंत्रं देणार होते आणि फवारणी न केलेला सुगंधी तांदूळ दरवर्षी घेणार होते. धान उभं असताना ते शेतांतल्या बांध्यांतून फिरून गेले आणि कापणीनंतर नमुना घ्यायला परत आले. नमुना म्हणजे त्याच बांध्यांतला, याच हंगामाचा चार कट्टे, म्हणजे चार पोती तांदूळ. तो गटाच्या गोदामात होता.

त्यांच्या तपासणाऱ्याने दाणे काचेच्या वाटीत घेतले, वरून औषध टाकलं, रंग पाहिला. दुभाष्याने सांगितलं, हा तांदूळ जुना आहे, वर्षाच्या वरचा. कृषी खात्याच्या साहेबांनी स्वागताच्या मंडपातून सरळ ठाण्यात येऊन लेखी तक्रार दिली की गटाच्या अध्यक्ष बाईने चांगला माल विकला आणि जुना भरला. पाहुणे दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरला निघणार होते. तोवर उलगडा झाला नाही तर करार जाणार आणि बाईवर गुन्हा दाखल होणार, एवढं सरळ होतं.

ठाणेदार साहेबांनी चौकशी माझ्याकडे दिली. तासाभरात ठाण्यात फोन आला. नाव न सांगता माणूस म्हणाला, "साहब, परसों औरतें गोदाम से कट्टे निकालके बैलबंडी में ले गई हैं. लिख लो." मी स्टेशन डायरीत नोंद घेतली. असे फोन बहुधा जळणारा माणूस करतो. पण जळणारा नेहमी खोटं बोलतो असं नाही. गोदामासमोर बंडीच्या चाकोऱ्या होत्याच.

महिला शिपाई बसवून अध्यक्ष बाईची विचारपूस केली. गोदामाची किल्ली तिच्या घरी खुंटीला राहायची. परवा ती दिवसभर गोंदियाला मीटिंगमध्ये होती. मी खात्री केली, खरं निघालं. खोटं बोलणारा माणूस फार बोलतो. ही एवढंच बोलली, "साहेब, करार मोडला त गावात मी कोनत्या तोंडानं फिरू?"

मग गावात गेलो. घरोघरी विचारलं, तांदूळ कोणी चोरला? सगळे म्हणाले, इथं कोणी चोरला नाही. छत्तीस वर्षं तोंडं वाचली होती, ते खोटं बोलत नव्हते. त्याचाच राग येत होता.

संध्याकाळी क्वार्टरवर जेवायला बसलो आणि बायकोला सांगितलं. ती गोंदियाजवळच्या गोरेगावकडची, धानवाल्याच्या घरची. भाकर टाकता टाकता म्हणाली, "पाव्हण्याले नव्याचा भात रांधते का कोनी? गिच्च होते. मी त तुमच्या साहेबालेबी कधी नाही वाढला. तुम्ही चोर कायले धुंडून राहिले? एखाद्या म्हातारीले विचारा, पाव्हण्यासाठी तांदूळ कोनं काढला."

सकाळी सातला अध्यक्ष बाईच्या घरी पोचलो. तिची सासू अंगणात सूप घेऊन बसली होती. मी विचारलं, "आई, पाहुण्यांसाठी तांदूळ कोणी काढला?"

"मीच त काढला," ती ऐटीत म्हणाली. "साऱ्या गावानं देल्ला. माह्या घरचा तीन वर्साचा आहे. असा तुह्या साहेबाच्या घरी नसन."

"मग काल काऊन नाही सांगितलं?"

"तू चोर इचारत होता. चोर कोठी आहे इथं?"

नवा तांदूळ कुठे आहे म्हटलं तर तिने बांबूच्या ढोलीकडे, धान साठवायच्या कणगीकडे बोट दाखवलं. सून नव्याचाच नमुना ठेवून गेली होती. पोरीला समजत नाही, सात समुद्र ओलांडून आलेल्याला कच्चा भात कसा खाऊ घालायचा, म्हणून गावच्या म्हाताऱ्यांनी मिळून बदलला. सुनेला सांगितलं असतं तर तिने अडवलं असतं. चारही कट्टे ढोलीमागे जसेच्या तसे होते, खात्याने कट्ट्यांच्या आत टाकलेल्या चिठ्ठ्यांसकट. पंच बोलावून पंचनामा केला आणि माल गाडीत टाकून मंडपात नेला.

दुभाष्याला समजावता समजावता माझा घाम निघाला. पाहुण्यांची प्रमुख बाई वयस्कर होती. तिने ऐकून घेतलं आणि हसली. म्हणाली, आमच्याकडे उलटं आहे, नवा तांदूळ निघाला की तोच पाहुण्याला देतात, जुना वाढायची लाज वाटते. मग तिने दोन्ही भात रांधायला लावले. नमुना त्यांनी नव्याचा नेला, पण दुसऱ्यांदा मागून खाल्ला तो म्हातारीचा. जायच्या आधी सह्या झाल्या. कृषीच्या साहेबांनी तक्रार परत घेतली. अध्यक्ष बाई सासूवर चिडलीही होती आणि तिचा हातही सोडत नव्हती.

आज त्या गावचा तांदूळ जहाजाने जातो. देवरीच्या रस्त्याने गेलो की छाती फुगते.

या केसने मला शिकवलं की माणूस विचारलं तेवढंच सांगतो. मी सारी नोकरी 'कोणी केलं' विचारत फिरलो. कोणासाठी केलं, हे विचारायचं सुचलं नव्हतं.

ठाण्याच्या कागदात लिहिलं आहे की सहायक फौजदाराने कौशल्याने तपास लावला. बक्षीसही मिळालं. ते खोटं आहे. खरं सांगितलं तर ठाणेदार हसतील म्हणून मी तेव्हा गप्प बसलो, आणि तीही काही बोलली नाही. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली. म्हणून इथे लिहून ठेवतो. तो तपास माझ्या बायकोने लावला.