परीक्षेनंतरचे पंधरा दिवस

परीक्षा संपते आणि शाळा मात्र संपत नाही, हे गौडबंगाल मला कधी उलगडलं नाही. आमच्या वेळी एप्रिलच्या दहा तारखेच्या आसपास शेवटचा पेपर व्हायचा आणि निकाल लागायचा महाराष्ट्र दिनाला, झेंडावंदन झाल्यावर. मधले पंधरा-वीस दिवस मुलं रोज शाळेत जायची. दप्तर नको, पुस्तक नको, हजेरी मात्र हवी. माझी लेक तेव्हा तिसरीत होती. आज काय केलं, असं विचारलं की म्हणायची, "बाकं पुसली." दुसऱ्या दिवशी, "भेंड्या खेळलो." तिसऱ्या दिवशी, "बाई म्हणाल्या गप्प बसा. मग बसलो."

वेळेचाही पत्ता नसायचा. आज साडेसातची शाळा, उद्या आठची, परवा म्हणे दहालाच सोडणार. आम्ही रोह्याला लागूनच, वरश्याला, नव्या बिल्डिंगीत दोन खोल्यांत राहत होतो. नवरा कंपनीत, त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. मी रोह्याला कचेरीत. पोरीला आणायला जायच्या त्या सासूबाई, आणि त्या गुडघ्यांना विचारूनच चालायच्या. एकदा त्या बाराला शाळेत पोचल्या, तर शाळेला कुलूप आणि पोर फाटकाच्या कट्ट्यावर बसून चिंच खात होती. दहाला सुटली होती. मी त्या दिवशी जी भडकले, तो राग उतरायचं नाव घेईना.

पण वेळेचं दुखणं परवडलं, असं म्हणायची पाळी त्याच आठवड्यात आली. निमित्त झालं एका लग्नाचं.

सासूबाईंच्या माहेरच्या नात्यातलं लग्न होतं, भर गुरुवारचं. मी कामावर, नवरा पहिल्या शिफ्टला. मी सकाळी निघताना सांगितलं, "आई, पत्रिका कपाटावर ठेवलीय." सासूबाईंना वाचता येत नसे. त्यांनी शाळेला निघालेल्या नातीला हाक मारली आणि म्हणाल्या, "ठिकाण तेवढं सांग गो, कुठं लिव्हलंय ता." नातीने पत्रिकेवर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "रामवाडी, पेण."

सासूबाई एसटीने रामवाडीला गेल्या. तिथे मंगल कार्यालय होतं आणि लग्नही होतं. लग्नसराईत कुठे नसतं? ओळखीचं कोणी दिसेना, तेव्हा ही नवऱ्या मुलाकडची माणसं असणार असं त्यांनी ठरवलं. आहेर दिला, जेवल्या, विडा खाल्ला आणि संध्याकाळी घरी येऊन मला म्हणाल्या, "जेवण झकास व्हतं गो. पण नवरी काय वळखू आली नाय. आजकाल तोंडाला फासतात किती!"

रात्रीच्या जेवणाआधी नवरीचा काका दारात हजर. "काकू, तुम्ही आला नाय व्हय? एवढं जवळ असून?"

"आले की! जेवले ना मी!"

"कुठं जेवलात?"

"पेणला!"

काका माझ्याकडे बघायला लागले, मी सासूबाईंकडे. लग्न रोह्यातच होतं, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. काका गेल्यावर मी हसून हसून लोळायची बाकी राहिले होते. मग पत्रिका उघडली. ठिकाण ठसठशीत अक्षरांत छापलेलं होतं. पोर चुकली कशी?

मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, वाच. तिने बोट ठेवलं आणि सुरू झाली. "आमच्या येथे श्रीकृपेकरून..." एकही अडखळण नाही. शेवटी किलबिलत्या आवाजात, "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!" हेही म्हणून झालं. या पत्रिकेत मावशी नव्हतीच, आत्या होती. ती वाचत होती ती आदल्या आठवड्यातली पत्रिका. ते लग्न खरंच रामवाडीला झालं होतं. ती पत्रिका तिला फार आवडली म्हणून मीच तिला तीन-चार वेळा वाचून दाखवली होती.

माझं हसू जिरलं. मराठीचं पुस्तक काढलं. धडा तिने घडाघडा म्हटला. मी चित्र हाताने झाकून मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. ती माझा हात बाजूला सारायला लागली. दुसरा शब्द, तीच गत. अक्षरं सुटी सुटी ओळखत होती, क म्हणजे क, म म्हणजे म. एकत्र आली की मात्र तिला त्यांचा पत्ता लागत नव्हता. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं, वर्गात तिच्या वह्या फिरवायचे. आता कळलं, ती अक्षरं रांगोळीसारखी काढत होती. तिसरी संपली होती आणि माझ्या मुलीला वाचता येत नव्हतं.

आणि मी कोण, तर कचेरीत दिवसभर लोकांना सातबारे वाचून देणारी बाई. कुठल्या कुठल्या गावांतून भातवाले, वालवाले शेतकरी यायचे, उतारा पुढे करून म्हणायचे, "काय लिव्हलंय ता वाच गो बाय." मी तोऱ्यात वाचून दाखवायचे. वर उपदेशही करायचे, की पोरांना शिकवा, न वाचता कशावर सही करू नका. त्या रात्री मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. मला रागवायला कोणीतरी समोर हवं असतं. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी शाळेत गेले.

बाई टेबलावर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याआड बसल्या होत्या. वर्गात साठेक मुलं, अर्धी खिडकीत. माझी लेक फळा पुसत होती.

"बाई, हिला वाचता येत नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या.

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. माहीत होतं तर सांगितलं का नाही? बाईंनी खणातून पहिल्या सत्राचं प्रगतिपुस्तक काढून उघडलं. शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं होतं, 'वाचन कच्चे आहे. पालकांनी भेटावे.' खाली पालकाची सही होती, माझ्या नवऱ्याची. दिवाळीच्या सुमारास तिसऱ्या शिफ्टवरून येऊन, डोळे मिटता मिटता केलेली. प्रगतिपुस्तक तसंच परत गेलं होतं. मी ते बघितलंही नव्हतं. आदल्या वर्षी, दुसरीचं आलं तेव्हा मात्र मी ते घरभर मोठ्याने वाचून दाखवलं होतं, दोनदा. 'शाळेत नियमित येते. अक्षर सुंदर. वर्तन उत्तम.'

आता गप्प बसायला हवं होतं. पण मी मुद्दा बदलला. "ठीक आहे. पण अजून दोन आठवडे आहेत ना? ही मुलं इथे येऊन बाकं पुसतात. त्यापेक्षा यांना शिकवा की!"

"अभ्यासक्रम संपलाय. मला हे पेपर तपासायचेत, निकालपत्रकं करायचीत."

"मग मुलं बोलावता कशाला?"

"शाळा भरवायची असा नियम आहे."

"म्हणजे शाळा आहे की नाही?"

"आहे."

"मग शिकवणार आहात की नाही?"

"पाठवत राहा तुम्ही तिला," बाई गठ्ठ्यातून मान वर न करता म्हणाल्या. "जमेल तसं बघते."

बघते! हे मी स्वतः कचेरीच्या खिडकीतून दिवसाला पन्नासदा म्हणायचे. बघते म्हणजे काय होतं, हे मला कोणी सांगायला नको होतं. बाहेर आले तेव्हा डोक्याचा भुगा झाला होता. शाळा आहे, पण शिकवणं नाही. शिकवणं नाही, पण पाठवा. पाठवा, पण कशाला ते विचारू नका. मी तिथल्या तिथे ठरवलं, पोरीला इथे फुकट बसवायची नाही.

शनिवारी तिला माहेरी नेऊन सोडलं. माझं माहेर धरमतरच्या खाडीकडचं, मिठागरावरचं. वडील जुन्या काळचे चौथी पास, रोज पेपर वाचणारे. त्यांना सांगितलं, "बाबा, हिला पंधरा दिवसांत वाचायला शिकवा." ते म्हणाले, "त्यात काय गो, शिकवतो." मी निश्चिंत होऊन परतले. एप्रिल म्हणजे मिठाचा ऐन हंगाम. वडील उजाडल्यापासून आगरात असणार, हे मला कळायला नको? मी तिथेच लहानाची मोठी झाले. पण राग आला की माणसाला आपलं गावही आठवत नाही.

पुढच्या रविवारी गेले तर पोर उन्हाने काळी ठिक्कर झाली होती आणि आनंदात होती. बाबा कौतुकाने म्हणाले, "काय हुशार हाय गो पोर! शिकवायचं काय हिला? सगळं पुस्तक वाचतंय!"

"तुम्ही पुस्तक हातात घेऊन बघितलंत का?"

"मी मीठ ओढत व्हतो, ती बांधावर बसून वाचत व्हती. एक शब्द चुकली नाय."

चुकणार कशी? पाठच होतं. पण बाबांचा चेहरा इतका खुलला होता की माझ्याच्याने बोलवेना. आणखी एक आठवडा उरला होता. परत आणावं तर शाळेत काय, तर भेंड्या. ठेवावं तर इथे बांध. दोन्हीकडे तेच. राहू दे, म्हटलं.

महाराष्ट्र दिनाच्या आदल्या दिवशी तिला घरी आणलं. सकाळी झेंडावंदनाला निघालो तर शेजारची बाई तिच्या मुलीला घेऊन बरोबर आली. ती कंपनीत पॅकिंगला जायची. तिची मुलगी माझ्या लेकीच्याच वर्गातली आणि अभ्यासात माझ्या लेकीहून मागे, असं मी बिनधास्त समजत होते. रस्त्यात ती पोरगी थांबली, मान वर केली आणि एकेक अक्षर उचलत म्हणाली, "पि... ठा... ची. पिठाची. गि... र... णी." पुढच्या दुकानापाशी परत थांबली. दर पाटीला थांबत होती, तिची आई वैतागली होती.

"ही कधी शिकली?" मी विचारलं. माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

"आता हल्लीच, वहिनी. परीक्षा झाल्यावर. बाईंनी आठ-नऊ पोरं वेगळी काढली नि रोज फळ्यापुढं बसवली. एक आख्खा तास. बाकीची बाहेर खेळत व्हती." मग माझ्या लेकीकडे बघून म्हणाली, "तुमची नव्हती व्हय त्यांच्यात? बाई रोज विचारत व्हत्या, आली का म्हणून."

झेंडावंदन कधी झालं ते मला कळलं नाही. निकाल वाटून झाल्यावर बाईंच्या टेबलाशी गेले. भांडायला गेले की माफी मागायला, ते आजही सांगता येणार नाही.

"सांगितलं असतंत तर..." एवढंच म्हणाले.

बाई दमलेल्या दिसत होत्या. "वर्षभर साठ मुलांत हे होत नाही. परीक्षेनंतर तेवढे दिवस मिळतात, तेही मिळाले तर. गेल्या वर्षी मी पालकांना सांगून ठेवलं, शिकवणार म्हणून, आणि दुसऱ्याच दिवशी मला दुसऱ्या कामावर धाडलं. सगळे पालक भांडायला आले. तेव्हापासून सांगत नाही." जरा थांबून म्हणाल्या, "पाठवत राहा म्हटलं होतं मी."

म्हटलं होतं. खोटं कसं म्हणू? पण अशा म्हणण्याचा अर्थ माणसाने लावायचा तरी कसा? चूक त्यांची की माझी, की न वाचता सही करणाऱ्याची, की शाळा भरवा म्हणून सांगून कशासाठी ते न सांगणाऱ्यांची, हा हिशेब मी कितीदा मांडला आणि दर वेळी उत्तर वेगळंच आलं. पुढे चौथीच्या दिवाळीनंतर लेक वाचायला लागली, चांगलं वाचायला लागली. पण तोवर वर्गाला कळलं होतं. 'हिला वाचता येत नाय,' असं शेजारचीच मुलगी सगळ्यांना सांगायची. ते सहा महिने तिने कसे काढले, हे तिने मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा सासूबाई पेढ्यांचा पुडा घेऊन दारातच बसल्या होत्या. नवरा नुकताच झोपून उठला होता. "वाच गो माझे बाय," सासूबाई म्हणाल्या, "काय लिव्हलंय बाईंनी?"

लेकीने प्रगतिपुस्तक मांडीवर उघडलं. तिच्या डोक्यावरून मला शेरा दिसत होता. 'शेवटचे पंधरा दिवस गैरहजर. वाचनाचा सराव आवश्यक.' तिने पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मी सासूबाईंच्या हातातला पुडा घेऊन त्याची दोरी सोडायला लागले. मग तिने खणखणीत आवाजात, एकदाही न अडखळता वाचायला सुरुवात केली.

"शाळेत नियमित येते," ती म्हणाली, आणि तिचं बोट सरकत 'गैरहजर'वर आलं.