न केलेल्या अपराधाची क्षमा

ठाण्याच्या कचेरीसमोरील चिंचेखाली मी गेली पंचवीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. माझे इंग्रजी शिक्षण चौथ्या इयत्तेत थांबले; परंतु माझ्या लेखणीतून उतरलेला अर्ज मामलेदारांनी न वाचता बाजूला ठेवला, असे सहसा घडलेले नाही. ज्या वृद्ध अर्जनवीसांनी मला या व्यवसायात घेतले, ते सांगत, "साहेब आधी शांत झाला पाहिजे. मग काय मागायचं ते मागा." त्यासाठी त्यांनी एक वाक्य घडवले होते आणि ते मी वारसाहक्काने चालवले. अर्ज नळाचा असो की बदलीचा, अखेरीस येई: 'माझ्या हातून घडलेल्या अपराधाची उदार अंतःकरणाने क्षमा असावी.' लग्नपत्रिकेवरील हळदीकुंकवाच्या बोटांसारखे ते वाक्य होते. ते प्रत्येक अर्जात असे, म्हणून कोणी वाचत नसे.

त्रेपन्न-चोपन्नच्या सुमारास कापडाला गिऱ्हाईक राहिले नाही. ठाण्यातील एका गिरणीत गाठींवर गाठी पडून राहिल्या आणि मालकांनी एक पाळी बंद केली. त्या दिवसांत चेंदणीच्या कोळीवाड्यातील एक साचेवाला, म्हणजे साच्यावर कापड विणणारा कामगार, माझ्यापुढे येऊन बसला. गिरणीत अकरा वर्षे काढलेला, अबोल मनुष्य. सोबत मासळी विकणारी त्याची बायको होती. ती अबोल नव्हती.

"बाजार थंड हाय म्हनून घरी बस, असा बोलले," त्याने सांगितले.

"बाजार थंड, मंग जॉबरचा भाचा कसा गरम?" ती उसळली. जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम, माणसे लावणारा. "गेल्या साली लागला तो आत, आन् आमचा मानूस भायेर!"

नवा कायदा मी वर्तमानपत्रात बारकाईने वाचला होता. मंदीत कपात करायची तर शेवटी लागलेल्याला आधी कमी करावे, जुन्याला भरपाई द्यावी आणि पुन्हा भरती होताना त्यालाच आधी बोलवावे, हे मी दोघांना एखाद्या वकिलाच्या थाटात समजावले. कायद्यानुसार आधी मॅनेजरकडेच दाद मागायची होती. मी दोन ताव भरून अर्ज लिहिला आणि खड्या आवाजात वाचून दाखवला. शेवटच्या वाक्यावर तो अडखळला.

"मास्तर, माझा अपराध कंचा?"

"अपराध कुठला आलाय? ही लिहिण्याची रीत आहे."

"नाय केला तो लिवायचा कनाला?" बायको म्हणाली.

"बाई, तुम्ही मासळी विकता तेव्हा मी मध्ये बोलतो का?"

"दर खेपेला बोलता! शिली हाय म्हनता."

मी हसलो आणि वाक्य तसेच ठेवले. त्याने मुकाट्याने सही केली.

आठवड्याने गिरणीचे उत्तर आले. सदर इसमास कपातीत कमी केलेले नसून गैरवर्तनाबद्दल काढले आहे. आपला अपराध त्याने स्वतःच्या सहीने कबूल केला आहे. सबब भरपाईचा आणि परत बोलावण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मी ते तीनदा वाचले. तोवर माझे ते वाक्य कोणी इतक्या लक्षपूर्वक वाचले नव्हते.

"अकरा वर्सांत एक खाडा नाय केला, मास्तर," एवढेच तो म्हणाला. बायकोने माझ्याकडे न पाहता मासळीची पाटी उचलली, आणि तेच मला सोसेना.

प्रकरण सरकारी कामगार अधिकाऱ्यांपुढे गेले. वाक्य माझे, असे चारचौघांत कबूल केले तर चिंचेखाली माझी काय किंमत राहील, हा विचार माझ्या मनात आला नाही असे मी म्हणणार नाही. तरीही मी घरातील अर्जांच्या नकलांचा गठ्ठा काखेत मारला आणि त्या नवराबायकोबरोबर गेलो.

गिरणीच्या अंमलदाराने ते वाक्य चवीने वाचून दाखवले. मी उभा राहिलो. "साहेब, सही याची आहे. वाक्य माझं आहे."

"पढवून आणलंय," अंमलदार म्हणाला.

मी गठ्ठा टेबलावर ठेवला. अधिकाऱ्यांनी मधूनच एक कागद ओढला. विधवेला नळ हवा होता, अपराधाची क्षमा. दुसरा काढला. शाळेला कौले हवी होती, अपराधाची क्षमा. तिसरा पाहून ते थबकले. "हा तर आमच्याच शिपायाच्या बदलीचा! अहो, सगळा ठाणे जिल्हा अपराधी करून ठेवलात की तुम्ही!"

सगळे हसले. दाराशी उभा असलेला शिपाईसुद्धा हसला. माझे कान तापले. पण त्या कोळ्याच्या चेहऱ्यावर मला थोडी धुगधुगी दिसली. मग अधिकारी अंमलदाराकडे वळले. अपराध कोणता? कोणत्या तारखेचा? चौकशी कधी केली? अंमलदार नुसते कागद चाळत राहिला.

मनुष्य कपातीत गेला, अशी नोंद झाली आणि भरपाई मान्य झाली. पुन्हा भरती होईल तेव्हा त्याचे नाव आधी घ्यावे, असे ठरले. साचा मात्र त्याला लगेच मिळाला नाही. जॉबरचा भाचा कागदोपत्री दुसऱ्या खात्यात दाखवलेला निघाला, म्हणून शेवटी लागलेल्याचा नियम त्याला लागेना, आणि पाळी तर बंदच होती. कायद्याने त्याला रांगेत पहिली जागा दिली. रांग पुढे सरकवणे कायद्याच्या हाती नव्हते. तो भावाच्या होडीवर खाडीत जाऊ लागला. अकरा वर्षांत सूत धरून मऊ पडलेली त्याची बोटे दोरखंडाने सोलून निघाली होती. बाजारात भेटला की तो ती पाठीमागे लपवी.

पुढल्या पावसाळ्यानंतर ती पाळी सुरू झाली. कमी केलेल्या जुन्या कामगारांनी अर्ज करावेत, अशी नोटीस गिरणीच्या फाटकावर लागली आणि दोघे पुन्हा चिंचेखाली आली.

"अर्ज लिवा, मास्तर. दोन ओली," ती म्हणाली. "जास्ती येक नको."

मी दोनच ओळी लिहिल्या. एवढा तोकडा अर्ज माझ्या हातून कधीच गेला नव्हता. खालची कोरी जागा मला बोचत होती. मी वाचून दाखवू लागलो, तर त्याने कागद माझ्या हातून घेतला. सोललेले बोट एकेका अक्षराखाली ठेवत तो शेवटपर्यंत गेला, कागद उलटून मागची कोरी बाजू पाहिली, आणि मग टाकासाठी हात पुढे केला.