कोटाचा खिळा

स्वयंपाकघरातला विजेचा दिवा एका संध्याकाळी लागलाच नाही, आणि खापर फुटलं माझ्या डोक्यावर. "वल्ल्या हातानं बटान दाबलंस, दुसरं काय," सासूबाई म्हणाल्या. दाबलं होतं, रोजच दाबत होते. चुलीपाशी कोरडे हात कुणाचे असतात?

महाडात तेव्हा घरोघरी वीज नव्हती. आमच्या भाताच्या गिरणीचं इंजिन होतं, त्याला माझ्या नवऱ्यानं मुंबईहून डायनामो आणून जोडला, म्हणून इंजिन चालेल तोवर घरात उजेड. तो मुंबईत वायरमन होता, सणावारीच घरी यायचा. मीही त्याच्याबरोबर तिथं दोन वर्षं राहून आले होते, आणि डोळे मिटून राहिले नव्हते.

स्वयंपाकघरात वर एक दिवा होता आणि भिंतीतल्या प्लगला लांब वायरीचा एक हातदिवा. हातदिवा सासूबाईंचा. धुरानं त्यांचे डोळे अधू झाले होते. एकदा सासऱ्यांच्या दाताखाली खडा आला आणि तेव्हापासून तांदूळ निवडायचं काम सासूबाईंकडून काढून घेतलं गेलं. फार लागलं होतं ते त्यांना. हातदिवा आला तशा त्या पुन्हा सूप घेऊन बसायला लागल्या. आता तोही बंद पडला.

सासऱ्यांनी पडवीतून निकाल दिला, "बायकांच्या हातात यंत्र दिलं की असंच व्हायचं. बाजाराच्या दिवशी इंजिनवाल्याकडनं ते दिवे काढून घेतो नि पडवीत लावतो. चुलीपाशी चिमणी हाय, ती बास."

माझं डोकं तडकलं. बटण मोडलं असेल तर वरचा दिवा जाईल, पण प्लग का जावा? मी वरचा दिवा काढून पडवीत लावून पाहिला, लागला. हातदिवा तिथल्या प्लगला लावला, तोही लागला. सासरे कपाळाला आठ्या घालून बघत होते. बघू देत. दोन्ही दिवे चांगले होते, म्हणजे वीज स्वयंपाकघरापर्यंत पोचतच नव्हती.

आमचं घर जुनं, भिंती दगडमातीच्या. तारा लाकडी पट्टीच्या खाचांमधून नेलेल्या. स्वयंपाकघराची पट्टी पडवीतून निघून दारावरून आत येत होती. मी नजरेनं तिच्या मागं मागं निघाले आणि दाराशेजारी थांबले. तिथं सासऱ्यांचा काळा कोट टांगला होता. दासगावच्या बोटीच्या धक्क्यावर जाताना ते तो घालत. मातीच्या भिंतीत खिळा ठरत नसे, गळून पडायचा. लाकडाच्या पट्टीत मात्र पक्का बसला होता.

"मामंजी, हा खिळा कधी ठोकलात?"

सून तोंडावर विचारते म्हणून त्यांच्या आठ्या वाढल्या. म्हणाले, "आज दुपारी. का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन बंद असताना घडवंचीवर चढले, कोट काढून त्यांच्या हातात दिला, खिळा उपटला आणि पट्टीचं झाकण उचकटलं. एक तार खिळ्यानं मधोमध तोडली होती. सुरीनं दोन्ही टोकं खरवडली, पिळून जोडली, वर नवऱ्याच्या डब्यातली काळी चिकटपट्टी घट्ट गुंडाळली. सून भिंतीवर चढली, अशी कुजबुज आळीत झाली. त्यांच्या बायकांचे डोळे काय धुरानं जात नव्हते?

संध्याकाळी इंजिन सुरू झालं आणि दोन्ही दिवे लागले. मला इतका आनंद झाला की भाकरी तव्यावरच करपली.

खिळा गेल्यापासून बिनजागेचा झालेला कोट हातावर घेऊन सासरे दारात आले. त्यांनी वर पाहिलं, पट्टीकडं पाहिलं. म्हणाले, "लागले ते ठीक. पण दिवे पडवीतच जातील. एकदा बोललो ते बोललो."

मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाई बोलल्या. हातदिवा सुपाशी ओढून त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही.

"दिवे हितंच ऱ्हातील. मी काढू द्यायची नाय."

या घरात नवऱ्याला नाही म्हटलेलं मी त्यांच्याकडून पहिल्यांदाच ऐकलं. सासरे कोट हातावर घेऊन तसेच उभे. सासूबाईंनी सुपातून बारीकसा खडा उचलला, हात लांब करून त्यांच्या पायाशी उंबऱ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "दिसतोय मला."