चुडाव्याचा मोगरा

"साहेब, हे झाड खणून टाका. आजच." गणपतराव अंगणात उभे होते, मोगऱ्याकडं पाठ करून.

ऐंशी सालानंतरची गोष्ट, जानेवारीअखेरची. मी परभणीच्या एका रोपवाटिकेत सुपरवायझर होतो. चुडाव्याला गणपतरावांच्या मुलानं, शंकरनं, बोलावलं होतं. मोगऱ्याला कुणी हात लावत नाही, तरी तो रोज थोडा थोडा छाटला जातो, अशी तक्रार.

मोगरा भरभरून फुलायचा तर थंडीत त्याचं पाणी तोडावं लागतं. त्याला आम्ही ताण देणं म्हणतो. मग जानेवारीअखेर फांद्या छाटायच्या, खत घालायचं, पाणी सुरू करायचं. तेव्हा कुठं फाल्गुन-चैत्रात कळ्या धरतात.

"हे कोण करायचं?"

"माय," शंकर म्हणाला. "ती दिवाळीला वारली. बानं तर जन्मात झाडाला तांब्याभर पाणी घातलं न्हाई. आता माझी बायको अंगणात यायला लय भ्यायलीय."

मी खाली बसून बघितलं. छाट विळ्याचे, ताजे, प्रत्येक बरोबर डोळ्याच्या वर. डोळा म्हणजे जिथून नवी फूट येते ती जागा. पण सगळे छाट उलट्या बाजूला उतरलेले. उजव्या हातानं तसे येत नाहीत.

"घरात डावखुरं कोण हाय?"

"माय होती," शंकर म्हणाला.

जेवणं झाली. शंकर शेजाऱ्याकडं कुदळ आणायला गेला. मी ओसरीवर आडवा झालो. उन्हाची दुपार, गल्लीत चिटपाखरू नाही. तेवढ्यात विळ्याचा आवाज आला.

गणपतराव मोगऱ्यापाशी उकिडवे बसले होते. विळा डाव्या हातात. फांदी धरायची, डोळा चाचपायचा, छाटायचं. मी हाक मारली. त्यांनी वर बघितलं, पण मी कोण ते त्यांना कळत नव्हतं.

थोड्या वेळानं उठून त्यांनी विळा वळचणीला खोचला आणि माझ्याजवळ येऊन बसले.

"खणलं का, साहेब?"

"आत्ता कोण छाटत होतं?"

"म्या कसं सांगू? म्या तर इथंच बसलोय."

शंकर आल्यावर मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. कुदळ परत गेली. गणपतरावांना परभणीच्या डॉक्टरांना दाखवलं. बायको गेल्याचा धक्का, असं ते म्हणाले. गोळ्यांनी महिनाभरात तो प्रकार थांबला. मोगरा मात्र त्या चैत्रात पानं दिसू नयेत असा फुलला. पुढच्या वर्षी मी शिकवलं तशी शंकरनं छाटणी केली. फुलं निम्मीच आली.

डोळा ओळखायला आमच्या माळ्यांना दोन हंगाम लागतात. गणपतरावांना तो कुणी दाखवला, ते मी विचारलं नाही. तेव्हापासून कुणी झाड खणायचं म्हटलं, की मी आधी त्याच्या घरी एक दुपार काढतो.