चकत्यांना पाजलेलं तेल

माझं अक्षर वेडंवाकडं आहे. कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी हे अजून नीट कळत नाही. चौथीनंतर हातात पेन्सिल नाही, खुरपं आलं. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. वाचणारं कोणी नसेल तर माझं मीच सांभाळून घेईन.

भडगावहून जळगावला आल्यावर मला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाडण्या-पुसण्याचं काम लागलं. मी कोणाशी बोलत नसे. सगळे मला मावशी म्हणत. पीएच.डी. करणारी धरणगावची एक मुलगी होती, ती एकटी अक्का म्हणे. मी तिला ताई म्हणायची, वयाने लहान असली तरी.

ताई पांढऱ्या भुकटीच्या चकत्या बनवायची, कोटाच्या बटणाएवढ्या. अशी चकती दाबली की वीज देते. गॅस पेटवायच्या लायटरमध्ये असाच एक तुकडा असतो, असं तिने मला सांगितलं होतं. तिला मात्र अनारशासारखी जाळीदार चकती हवी होती. म्हणून ती भुकटीत स्टार्च मिसळायची. भट्टीत स्टार्च जळून जायचा आणि त्याच्या जागी भोकं राहायची. मग त्या भोकांत राळेसारखं एक औषध भरायचं. अशी चकती हलकी होते आणि पाण्याखालचा बारीक आवाजसुद्धा तिला कळतो, असं ताई म्हणे.

सगळे अशा चकत्या शिसं घालून करत, कारण शिशाने वीज जास्त येते. पण शिशाची वाफ आणि धूळ विषारी, आणि आमच्या खोलीत वाफ बाहेर ओढणारा पंखा नव्हता. ज्यांच्या हाताखाली ती काम करायची त्या सरांनी एकदा तिला विचारलं की तुझाच बिनशिशाचा हट्ट का. मी दाराशी बादली घेऊन उभी होते.

ताई म्हणाली, "ही धूळ रोज अक्का झाडतात, सर."

माझ्या श्वासाचा विचार करून कोणी काम निवडलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मी तशीच बादली घेऊन परत गेले. सरांनी शेवटी तिला दिवाळीपर्यंत मुदत दिली. तोवर चकती दाबून वीज मोजायच्या मीटरचा काटा हलला नाही, तर सगळ्यांसारखं शिशाचं काम घ्यायचं.

चकत्या काही टिकेनात. भट्टी जरा भरभर तापली की आतला स्टार्च एकदम जळायचा आणि चकती तडकायची. ताई तुकडे हातावर घेऊन बसायची. दसऱ्याच्या सुमारास मात्र एक घाणा धड निघाला. तेवढ्यात तिच्या वडिलांना बरं नाही असा निरोप आला. डबा नीट ठेवा म्हणून मला सांगून ती धरणगावला गेली.

मी डबा उघडून पाहिला. चकत्या नव्या खापरासारख्या कोरड्या आणि भोकाभोकांच्या होत्या. आमच्याकडे पुरणाचे मांडे ज्या खापरावर करतात, ते नवं आणलं की आधी त्याला तेल पाजतात, नाहीतर चुलीवर पहिल्याच दिवशी तडकतं. मी घरून शेंगदाण्याचं तेल आणलं आणि एकेका चकतीला बोटाने चोळलं. ती पीतच गेली. मला फार बरं वाटलं.

ताई आली आणि तिने डबा उघडला. चकती पिवळी पडली होती, हातातून निसटत होती. अक्का, यांना काय झालं, असं तिने विचारलं. घाबरले की माझ्या तोंडी गावची बोली येते.

"तेल पाजं, ताई. नवं खापर शे ना. तेल नही पाजं तर तडकी जाई."

ती स्टुलावर बसली. मग हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यात हसू किती आणि रडू किती ते मला कळलं नाही. डोळे पुसत म्हणाली, "मग मांडे कधी करायचे यांच्यावर?"

तेलकट भोकांत औषध धरत नाही. तेल जाळायला चकत्या पुन्हा भट्टीत घातल्या, आणि मधेच भट्टीची कॉइल तुटली. नव्या कॉइलचे पैसे कॉलेजकडून मार्चमध्ये मिळाले असते. ताईच्या शिष्यवृत्तीचे पैसेही कुठेतरी अडकले होते. मी उन्हाळ्यात लोकांच्या कुरडया-पापड करून शिलाई मशीनसाठी पैसे साठवले होते. ते रुमालात बांधून तिच्या टेबलावर ठेवले. ती घेईना. मी म्हटलं, तेल माझं होतं.

"तेलाचं तेलाच्या जागी," ती म्हणाली. "हे उसने घेते. फेडीन."

कॉइल बदलली. बऱ्याच चकत्या फुटल्या, थोड्या पांढऱ्या शुभ्र होऊन निघाल्या. त्यांच्यात औषध भरलं, दोन्ही अंगांना चांदीचा लेप दिला. आता शेवटचं काम होतं चकतीतली वीज जागी करायचं. त्यासाठी ती गरम तेलात बुडवून जोराची वीज द्यावी लागते. ताईने तेलाचं भांडं पुढे ओढलं आणि माझ्याकडे पाहिलं. "आता पाजा, अक्का." आम्ही दोघी का हसतोय ते सरांना कळेना.

दिवाळीच्या सुट्टीआधी चकती मीटरला जोडली. सर येऊन उभे राहिले. ताईने मला पुढे केलं. मी पदराला हात पुसला आणि अंगठ्याने चकती दाबली. काटा थरथरला आणि एकीकडे गेला. अंगठा काढला तर दुसरीकडे गेला. सरांनी स्वतः दाबून पाहिलं. मग म्हणाले, "ठीक आहे. हेच पुढे चालू द्या."

पुढे ताईला धुळ्याला कॉलेजात नोकरी लागली. पगार झाला की एखाद्या रविवारी ती एस.टी.ने यायची, थोडे पैसे द्यायची, जेवून जायची. शेवटचे पैसे द्यायला आली तेव्हा मी हळूच म्हटलं की एवढे बाकी राहू द्या, म्हणजे येणं होईल.

"येणं काय पैशांवर आहे, अक्का?" ती म्हणाली. "आता नुसती मांडे खायला येईन."

तिने नोटा माझ्या हातावर ठेवल्या आणि माझी बोटं मिटवली. त्या दिवशी सगळे पैसे फिटले.